दंडावर जागा नव्हती

“हा बांगड्यांचा डोंगर रोजच घालता का, बाई?” हिंगोलीच्या कोर्टात सरकारी वकिलानं मला विचारलं.

“व्हय. लग्न झाल्यापासून.”

“मग खांदा निकामी व्हायला सुई कशाला पाहिजे?”

कोर्ट हसलं. मी उजव्या हातानं डावा हात सांभाळत पिंजऱ्यात उभी होते. लाजेनं मेल्यासारखं झालं. रागही आला.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आमच्या बंजारा तांड्यावर नर्सबाई धनुर्वाताची लस टोचायला आल्या. माझ्या दंडावर जागा नव्हती. आमच्यात नवरा जिवंत असताना दंडावरच्या बांगड्या उतरवत नाहीत. माझा धाकटा दीर सरकारी दवाखान्यात शिपाई. लसीचा डबा घेऊन तोच उभा. तोच म्हणाला, “बाई, त्या निघत न्हाईत. वरच टोचा.” बाईंना घाई होती. त्यांनी पार सांध्यातच सुई घातली.

तेव्हापासून हात वर जात नाही. वेणी घालता येत नाही. लेकरू झालं, ते डाव्या कडेवर कधी घेता आलं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी सुई सांध्यात गेल्याचं सांगितलं, म्हणून मी सरकारवर भरपाईचा दावा लावला. दीरच म्हणाला होता, “वयनी, भिऊ नको. म्या डोळ्यानं बघितलंय. सांगतो की कोर्टात.”

सांगितलं त्यानं. पण सरकारच्या बाजूनं. “वयनीचा खांदा पहिल्यापासूनच दुखून राहिला होता,” म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी या घरात आले तेव्हा तो शाळेत जायचा. त्याची भाकरी मी बांधून द्यायचे. वकील परका, तो हसणारच. पण यानं दगा दिला.

घरी सासू म्हणाली, “दावा काढून घे. त्याची नोकरी जाईल.”

“अन् माझा हात?”

सासू चुलीकडे वळली. नवरा चप्पल घालून बाहेर गेला. त्या दिवशी कळलं, नोकरीवाला पोरगा घरचा. मी नुसती राबायला आणलेली.

माझे वकीलही कचरले. “दिराची उलटतपासणी बाकी आहे. घर फुटेल, बाई. सोडून देऊ?”

“काहून सोडायचं? वर टोचा असं कोण म्हणलं, ते ईचारा त्याला.”

सासूनं बजावलंय, कोर्टात गेलीस तर या दारात पाय ठेवू नको. नाही ठेवणार. दावा मी काढणार नाही. पुढच्या तारखेला पहिल्या बाकावर बसणार आहे. त्याला खोटं बोलायचंच असेल, तर माझ्या तोंडाकडे बघून बोलावं.