भावसिंगभाऊंचा दाराबाहेरचा पाय

आठवडी बाजाराच्या दिवशी दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत भावसिंगभाऊंच्या वांग्यांआधी त्यांचा आवाज पोचतो. भाऊ जवळच्या बंजारा तांड्यावरचे. सोयाबीनच्या मळणीयंत्राने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. तेव्हापासून ते बसवलेल्या पायाने चालतात, आणि इतकं तुरुतुरु चालतात की नव्या माणसाला पत्ताही लागत नाही.

खोड एकच. चहाला आत बोलावलं की ते पायरीवर बसणार, पायजमा वर करणार, अख्खा पाय काढून आमच्या चपलांशेजारी उभा करणार आणि चौकट धरून लंगडी घालत आत येणार.

"अहो भाऊ, पाय कशाला काढता?"

"वयनी, बूट घालून घरात येऊ काय? पाप लागंन."

"मग नुसता बूट काढा."

"बुटाबिगर हा पाय वाकडा पडते. बूट अन् पाय एकच नग हाय."

स्वतःच्या घरीही हेच सोवळं. पाय अंगणात तोंड वासून उभा. शेजारी कोंबड्या उकरताहेत, मुरमाची धूळ आत जाते आहे, आणि भाऊ चहा पिऊन तो तसाच चढवताहेत. मोजा बदलायचा तो बाजाराच्या दिवशी, लोकांत जायचं म्हणून. वर सकाळी उरलेल्या पायाला खोबरेल तेल चोपडायचं, "मऊ राह्यते" म्हणून.

होळीच्या तोंडावर एकदा वांगी आली, आवाज आलाच नाही. भाऊंची बायको रुपीबाई टोपली घेऊन एकटीच दारात. "वयनी, बुवाच्या पायाले फोड आला अन् फुटला. बसून राह्यला घरी."

जिथे पाय बनवला होता, तिथे दोघं यवतमाळला जाऊन आले. तिथल्या माणसाने पाय उलटा करून झटकला, तर धुळीबरोबर कोंबडीचं पीस बाहेर आलं. "काका, हा पाय आहे की खुराडं?" म्हणाला. मग नीट समजावलं: जखम भरेपर्यंत पाय चढवायचा नाही. रोज संध्याकाळी उरलेला पाय आणि बसवायचा पाय दोन्ही साध्या साबणाने धुवायचे, फडक्याने टिपून कोरडे करायचे. पाय घालताना तेल नको, पावडर नको. मोजा रोज धुतलेला. आणि उरलेल्या पायाखाली आरसा धरून बघायचं. लाली असेल तर पाय घालायचा नाही.

बाकी सगळं भाऊंनी ऐकलं. अडलं ते होळीपाशी. तांड्यावर होळी धुळवडीच्या पहाटे पेटते, मग डफावर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गात पुरुष गोल धरून नाचतात. गोलात सगळ्यात पुढे भाऊ. पाय गेल्यावरही ही जागा त्यांनी सोडली नव्हती.

"या वर्षी मी नसलो त देवसिंग पुढे होईन," मला म्हणाले. देवसिंग त्यांचा चुलतभाऊ. "त्याले नाचता येते काय? चिखलात बैल फसल्यावानी करते."

रुपीबाईचा नवऱ्यावर भरवसा नव्हता. जुन्या ओढणीत गुंडाळून तिने पाय माझ्याकडे आणला. "वयनी, तुमच्या कपाटात राहू द्या. घरी राह्यला त हा बुवा वावरात जातो म्हनून नाचून येईन."

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी टॉवेलसाठी कपाट उघडलं आणि तिथूनच ओरडले, "शुभदा, आत कोण उभं आहे?"

मग कुबड्या टेकत भाऊ आले. "वयनी, माझा पाय द्या."

"ज्यांनी ठेवला त्यांनाच देईन."

"पाय माझा अन् मालकीन ते?"

"हो. चहा घेणार?"

चहा घेतला. त्या दिवशी दाराबाहेर काढून ठेवायला पाय नव्हता, म्हणून सरळ आत आले.

धुळवडीच्या सकाळी आम्ही दोघं पिशवीत पाय घेऊन तांड्यावर गेलो. होळी पेटलेली, डफ तापत होते. भाऊ आंघोळ करून बाजेवर बसलेले, हातात धुतलेला मोजा. रुपीबाईने ओल्या फडक्याने बुटाचा तळ पुसला आणि पाय घरात, त्यांच्यासमोर उभा केला.

"पाहा, अन् तुमीच ठरवा. मी काही म्हनत नाही."

भाऊंनी खाली आरसा धरला. नवी कातडी धरली होती, पण एका कडेला लाल होतं. त्यांनी आरसा पायजम्याला पुसला, जणू दोष त्याचाच. पुन्हा पाहिलं. बाहेर लेंगी सुरू झाली. भाऊंच्या हातातला मोजा अर्धा उलगडला, मग त्यांनीच तो गुंडाळला.

"लाल हाय," म्हणाले. मोजा रुपीबाईच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाज उचला. अन् डफ द्या इकडे."

बाज गोलाच्या मधोमध ठेवली. भाऊ डफ वाजवायचे, गायचे आणि कडव्या-कडव्याला ओरडायचे, "देवसिंग, डावा! अरे, डावा म्हनलं! काहून लंगडून राह्यला? तुले त दोन हायेत ना!"

घामाघूम देवसिंग शेवटी गोलातच थांबला. "भाऊ, पुढच्या वर्षी तुमीच पुढे नाचा. पर असे मधात बसू नका!"