विष्णुपंतांनी ऐकलेला तारपा

विष्णुपंत गेल्याचा निरोप मला मोखाड्याच्या बाजारात मिळाला. जव्हारहून आलेला गाडीवान म्हणाला, "मास्तर झोपेतच गेले." मी नागलीचं गाठोडं खाली ठेवलं आणि तिथंच बसलो... महिना उलटला, तरी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडण चालूच आहे. भांडखोर माणसाशी मैत्री केली की असंच होतं.

जव्हारच्या संस्थानी शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवत, मी मराठी. त्यांना वेड एकच, तारप्याचं. भाताची कापणी झाली की दाभोशाच्या पाड्यावर तिथला तारपावाला लाहनू सुक्या दुध्याच्या त्या लांबलचक वाद्यात फुंकर घाली आणि पंत धोतर खोचून नाचाच्या रिंगणात शिरत. पुढं त्यांचे कान मंदावले. एका वर्षी तर त्यांनी दाभोशाला यायला साफ नकार दिला. "त्याचे फुगलेले गाल बघायला कशाला येऊ?" तारपा आपल्याला कायमचा दुरावला, या विचारानं ते खचले होते. मला त्यांची कीव येई आणि रागही.

अशातच एकदा वर्गात त्यांनी ध्वनीच्या धड्याचा दोन दातांचा पोलादी नादकाटा ठोकून कानाशी धरला. थांबला समजून ते ठेवायला निघाले, तर मुलं हातवारे करून सांगू लागली, अजून वाजतोय! पंत चिडले. खात्री करायला त्यांनी काट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला आणि तोच सूर त्यांना स्वच्छ ऐकू आला. मधल्या सुट्टीत मला ओढतच नेलं. "अहो बाबूराव, दार अडलंय, घर शाबूत आहे! हवेतून आलेली थरथर वाटेतच अडते. पण हाड तीच थरथर थेट आतल्या कानाला पोचवतं!"

त्याच आठवड्यात आम्ही दाभोशाला गेलो. लाहनूनं सूर धरताच पंतांनी शाळेची लाकडी पट्टी दातांत पकडून तिचं दुसरं टोक दुध्यावर टेकवलं. नाचणाऱ्या बायका हसून लोटपोट झाल्या. लाहनू तोंड काढून म्हणाला, "मास्तर, दुधी सुकेल हाय, भाजी नाय व्हायची!" पंतांना ते कुठलं ऐकू येणार? ते पट्टी न सोडता खुणावत होते, वाजव, वाजव. लाहनूनं पुन्हा छाती भरून फुंकलं. पंतांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोंडात पट्टी, त्यामुळे त्यांना धड हसता येईना की रडता येईना. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढं तो रिवाजच पडला. पहिला सूर पंतांच्या पट्टीला, मग रिंगण हलायचं.

परवा दाभोशाला गेलो होतो. लाहनू आता थकलाय. तारपा उचलून तो सवयीनं पंतांच्या जागेकडे गेला, जरा थबकला आणि माझ्याकडे वळला. "आता तुमी घ्या, मास्तर. त्याबिगर नाच कसा लागंल?"

माझे कान ठणठणीत आहेत. कुणीतरी बांबूची कामटी पुढं केली. मी ती दातांत धरून दुध्याला टेकवली, दोन्ही कानांत बोटं घातली... आणि पंतांचा तारपा ऐकला.