मूठ कोणत्या बाजूला घ्यावी

किसन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. शेजारची सून दारात येऊन नुसतीच रडायला लागली. मी म्हणलं, "आधी सांग, मग रड." तेव्हा ती म्हणाली, "आक्का, किसनमामा उठंनात. चहा घेऊन गेले, तर अंग गार लागायलंय." मी सूप बाजूला सारलं आणि उठले. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की यावेळीसुद्धा ह्यानं कुणाला विचारलं नाही. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा भाऊ. माझ्या आधी जायचं त्याला काय कारण होतं…

आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, फार मनमोकळा माणूस होता. मनमोकळा म्हणजे काय, तर बडबड्या. नदीला आम्ही गंगाच म्हणतो, तिच्या काठाला चार एकर रान, पण ह्याचं लक्ष पाण्यातल्या माशांत. बंधाऱ्याच्या गवतात मरळ कुठं बसते हे त्याला पाठ होतं आणि तूर कधी खुरपायची हे मला सांगावं लागायचं. बायको लवकर वारली. मी नवरा गेल्यावर माहेरच्या गावात येऊन त्याच गल्लीत राहिले, म्हणून त्याच्या पोटात वेळेवर भाकर गेली. बांबूच्या काठीनं धरलेली मरळ तो अख्ख्या गावाला हातानं मोजून दाखवायचा, आणि दर वेळी ती वीतभर वाढलेली असायची.

उजवा अंगठा गेला तोही बडबडीतच. कडबा कुट्टीच्या मशीनवर पेंढी सारत होता आणि मागं वळून कुणाला तरी माशाची गोष्ट सांगत होता. दवाखान्यातून आला तो खाटेवर पडला, तोंड भिंतीकडं. हाताला सदा टॉवेल गुंडाळलेला. चार बोटांत बांबू ठरंना, आणि डाव्या हातात तेवढा लांब वेळू उचलायचा जोर नव्हता. आठ महिने हा माणूस पडून राहिला. गावात बायका बाळंत होऊन चौथ्या दिवशी भांडी घासायला बसतात. मी त्याला तोंडावर सांगितलं, "अंगठा गेलाय, मुंडकं न्हाई." तो म्हणाला, "आक्का, एक मरळ माझ्या हातानं काढली तर उठीन. न्हाईतर इथंच बरा हाय." मला मरळीचं काही पडलेलं नव्हतं. पण तो खरंच तिथंच संपणार, हे मला दिसत होतं.

मग परभणीहून त्याच्या ओळखीचा एक गळवाला आला. त्यानं फोनवर आखूड रॉड दाखवला, वरच्या अंगाला रीळ बसवलेला. गळाला लावलेला रबरी बेडूक लांब फेकायचा आणि रिळाची मूठ फिरवून दोरीनं ओढत आणायचा. किसन आठ महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून उठून बसला. दुसऱ्याच दिवशी आम्ही एसटीनं परभणीला, गळाच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं पहिल्यापासून रिळातले बेअरिंगच मोजायला घेतले. ह्यात इतके, त्यात तितके. जसं काही मासा पाण्यातून वर येऊन बेअरिंग मोजणार आहे. रॉड किती वजनाचा बेडूक फेकतो ते त्याच्यावरच बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ते मी वाचून दाखवलं, तर दोघांनी माझ्याकडं असं बघितलं जसं शेळीच बोलली. मूठ कोणत्या बाजूची घ्यायची, हे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "काका, डावा हात धड हाय ना? मग मूठ डावीकडंच घ्या. काम धड हातानं करायचं." किसननं लगेच मान हलवली. दोन शहाणे एकत्र आले, म्हणजे तिसऱ्यानं काय बोलायचं.

बंधाऱ्यावर अर्धं गाव बघायला गोळा झालं. किसननं रॉड उजव्या, चार बोटांच्या हातात धरला आणि फेकला. बेडूक पाण्यात पडला, पण रीळ फिरतच राहिला आणि दोरीचा घोळ होऊन पाखराच्या घरट्यासारखा वर आला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा लोक हसले. किसन रॉड तिथंच टाकून घरी आला आणि परत भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी मला त्याची दया आली नाही, किळस आली. एवढा मोठा बाप्या, आणि दोरीपुढं हरला.

रॉड मी उचलून आणला आणि दोरीचा गुंता गोधडीच्या सुईनं सोडवला. दोन दिवस लागले. सोडवता सोडवता ध्यानात आलं. शिलाई मशीनचं चाक आपण हातानं थांबवतो, नाहीतर दोरा गुंततो. इथंही बेडूक पाण्याला टेकला, की फिरता रीळ अंगठ्यानं दाबून थांबवायला पाहिजे. म्हणजे रॉड धरायचा अंगठा असलेल्या हातात. मूठ फिरवायला काय, चार बोटं पुरतात, जातं तरी कुठं अंगठ्यानं ओढतो… म्हणजे मूठ उजवीकडं पाहिजे होती. दोन शहाण्यांनी नेमकं उलटं घेतलं होतं.

मी एकटीच रॉड घेऊन परभणीला गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, तुमाला काय कळतंय ह्यातलं?" मी म्हणलं, "तुझा अंगठा तळहातात दुमडून धर आणि फेकून दाखव." त्यानं दुकानासमोर फेकून दाखवला आणि त्याचीही दोरी गुंतली. शेजारचा चहावाला लय हसला. दुकानदारानं गुमान रीळ बदलून दिला.

मग मी किसनला अंगणात उभा केला. समोर कोंबड्या झाकायची डाल ठेवली आणि बेडकाचा गळ काढून म्हणलं, ह्यावर टाक. बेडूक आधी छपरावर गेला, मग माझ्या लुगड्यावर. आठवड्यानं डालीवर पडायला लागला. तेव्हा किसन म्हणाला, "मला पहिल्यापासून वाटत होतं, मूठ उजवीकडंच पाहिजे." मी हातातला झाडू त्याच्या पायावर फेकला.

पुढच्याच महिन्यात मरळ घेऊन आला. टॉवेल डोक्याला बांधलेला, उघड्या हातात मासा. "कालवण कर," एवढंच बोलला. त्यानंतर तीन वर्षं तो खाटेवर फक्त झोपायला टेकला. परभणीचे लोक रॉड घेण्याआधी त्याला फोन करायचे, आणि हा ओट्यावर बसून सांगायचा: बेअरिंग मोजू नका, रॉडवरचं वजन वाचा, अंगठ्याचा हात आधी ठरवा. आत भाकरी थापत मी माझेच शब्द ऐकायचे. बहिणीचं नाव त्यानं एकदासुद्धा घेतलं नाही.

त्याचा फोन माझ्याकडंच आहे. का कुणास ठाऊक, मी तो रोज चार्जिंगला लावते. परवा त्यावर देवगाव फाट्याकडच्या एका माणसाचा फोन आला. त्याच्या वडलांचा डावा हात लुळा पडलाय, बोटं तेवढी हलतात. कोणता रॉड घ्यावा म्हणून किसनला विचारायचं होतं. मी म्हणलं, तो वारला, मला विचारा. रॉड उजव्या हातात, अंगठा रिळावर, मूठ डावीकडं, जड नाही, हलकी फिरणारी.

त्यानं विचारलं, "हे तुमाला कोणी शिकवलं, आजी?"

तोंडात आलेलं मी गिळलं. म्हणलं, "किसननं."

"लय हुशार माणूस होता," तो म्हणाला.

"होता," मी म्हणलं, आणि फोन परत चार्जिंगला लावला.