सरकत्या दाराला एरंडेल

आमच्या व्हॅनमध्ये कुणी कुठे बसायचं याचा नियम होता, आणि तो मी केलेला होता. नोकरीत सर्वांत जुनी असेल ती पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. बाकीच्या मधल्या बाकावर, वर्षांच्या क्रमाने. सर्वांत नवी दाराशी. सर्वांत जुनी मीच होते, त्यामुळे हा नियम मला फार न्याय्य वाटत असे.

यवतमाळहून नेरच्या शाळेत रोज जाणं-येणं असायचं. आमच्याकडे त्याला अपडाऊन म्हणतात. एसटीचा भरवसा नव्हता म्हणून आम्ही चौघींनी मिळून ही व्हॅन लावली होती. गणिताच्या बाई बसल्या की झोपत, त्या थेट नेरला उठत. चित्रकलेच्या बाई विणकाम करत आणि टाके मोजत असल्यामुळे बोलत नसत. चौथी नवी होती. मारेगावकडची, शेतकऱ्याच्या घरची, लग्न होऊन वर्ष झालेली, इतिहास शिकवणारी. बोलायचं ते मोजकं आणि सरळ बोलायची. मला वाटायचं हिला अजून नोकरीची रीत कळलेली नाही.

व्हॅन म्हणजे त्या काळी सगळीकडे दिसत ती पत्र्याची डबी. आमच्या वाट्याला आली ती दोन मालकांच्या हातून निघालेली. उजव्या बाजूचं दार ड्रायव्हरने कायमचंच बंद करून टाकलं होतं. डाव्या बाजूचं सरकतं दार मागे ओढून उघडायचं, पुढे ढकलून लावायचं. या दाराची खोड अशी की ते पूर्ण लागलं आणि अर्धं लागलं, दोन्ही वेळा बाहेरून सारखंच दिसे. पूर्ण लागलं तर दोनदा खटका वाजे, अर्धं लागलं तर एकदा. अर्ध्या खटक्यावर अडकलेलं दार सपाट रस्त्यावर बिनबोभाट राहतं. गाडी उभी राहून झटक्याने निघाली की मात्र ते मागे सरकतं, आणि दाराशी बसलेल्या माणसाला आडवं यायला एक दांडीसुद्धा नसते. कमरेला बांधायचा पट्टा फक्त पुढच्या दोन सीटांना, तोही आम्ही कधी बांधला नाही, साडी चुरगळते. गावोगावच्या शाळांची मुलं अशाच गाड्यांतून कोंबून जात. एका व्हॅनचं दार मी सुतळीने बांधलेलं पाहिलं होतं आणि हसलेही होते.

त्या वर्षी दसऱ्याला ड्रायव्हरने गाडी धुतली, हार घातला, लिंबू बांधलं. आम्ही हळदकुंकू वाहिलं. दार ओढताना ते किरकिरलं. मला राहवलं नाही. माझ्या माहेरी बैलबंडी होती; आस वाजू लागला की वडील त्यात एरंडेल सोडत आणि बंडी गुमान चालू लागे. चाकांची एवढीच विद्या मला होती आणि तेवढी पुरेशी आहे अशी खात्री होती. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर चहाला गेलेला पाहून मी दाराच्या खालच्या पन्हाळीत, ज्यातून त्याची चाकं सरकतात तिथे, अर्धी बाटली एरंडेल ओतलं. दार लोण्यासारखं पळालं. मी सगळ्यांना दोनदा उघडून दाखवलं. ड्रायव्हरला सांगितलं नाही, कारण चांगलं काम न सांगता करावं असं मी वर्गात शिकवत असे.

यवतमाळ जिल्ह्यात दसऱ्यानंतर हवेत काय असतं हे मी जन्मापासून पाहत आले होते. कापूस. ट्रॅक्टरवर, ट्रकांवर, बंड्यांवर डोंगर रचून तो निघतो आणि रस्ताभर उडत जातो. बाभळींना लागतो, तारांना लोंबतो, केसांत येतो. त्या वर्षांत कापसाचं काही धड नव्हतं. अळी पडे, भाव पडे, वर्तमानपत्रवाले दुरून येऊन गावोगाव हिंडत, आणि खरेदी केंद्र सुरू झालं की नेरच्या अलीकडे बंड्यांची रांग लागे. वर्गात वेचणीमुळे निम्मे बाक रिकामे असत. हे सगळं मी पुढच्या सीटवरून बघत असे. आपल्या पायांमागे, पन्हाळीत, एरंडेलात ते कापसाचे तंतू चिकटताहेत आणि त्यावर धूळ बसते आहे, हे मला दिसायचं कारण नव्हतं. जिला दिसत होतं ती दाराशी होती.

संक्रांतीच्या सुमारास तिला सहावा महिना होता. एक दिवस शाळेच्या फाटकात तिने मला गाठलं. म्हणाली, "मॅडम, ते तेल घातल्यापासून दार पूर्ण लागत नाही. अर्धं बोट उरते. मी दोन्ही हातांनी धरून बसते. दोनच महिने मी पुढे बसू का?"

यात दोन गोष्टी होत्या. एक, तिला जागा हवी होती. ती मी कदाचित दिलीही असती. दुसरी, तेलाचं नाव तिने घेतलं होतं. ते झोंबलं. मी तिला सांगितलं की दार लावायलाही हिंमत लागते, आणि मला दोन लेकरं झाली, दोन्ही वेळा मी दाराशीच बसून गेले.

हे साफ खोटं होतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळी व्हॅन नव्हतीच. मी एसटीने जात असे, आणि कंडक्टर कुणालातरी उठवून मला जागा करून देई. एकदा तर त्याने माझ्यासाठी गाडी थांबवून उसाचा रस आणला होता. पण त्या फाटकात उभं राहून मी हे इतक्या ठसक्यात बोलले की क्षणभर मलाही खरं वाटलं.

ती वर्गाकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन आली तेव्हा मात्र दारापासून बाजूला होऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, अगदी नरम आवाजात म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही बसून दाखवा. कसं धराचं ते मलेही शिकता येईन."

गणिताच्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा जाग्या दिसल्या. ड्रायव्हर आरशात बघत होता. मी पदर खोचला आणि दाराशी बसले. ती पुढे चढली. दार मी एका दमात ढकललं. एकदा खटका वाजला. दुसरा वाजला नाही हे मी ऐकलं, आणि वाजला असं धरून चालले. वर, मुद्दाम, हात मांडीवर ठेवले, म्हणजे पुढून मागे वळून पाहील तिला दिसावं की धरायची गरज नाही.

नेर यायच्या आधी रांग लागलेली होती. बंडीमागे बंडी, बैल सोडलेले, चुली पेटलेल्या. रस्ता अर्धा उरला होता. आमची गाडी एका ट्रॅक्टरमागे थांबली. मग ड्रायव्हरला फट दिसली, त्याने झटका दिला आणि उजवीकडे घेतलं. दार मागे गेलं. मी डावीकडे गेले. फार वेळ लागला नाही. गाडीचा वेग माणसाच्या पळण्याइतकाच असेल, पण खाली आल्यावर रस्ता तेवढाच कठीण लागतो. डाव्या खांद्यात काहीतरी काडकन् झालं.

उठून बसले तो समोर पंधरा-वीस माणसं. पदर कुठे, चप्पल कुठे. एक म्हातारा बंडीवरून उतरून आला, मला नीट न्याहाळून म्हणाला, "बाई, आमी तीन दिवसापासून लाइनीत हावो. तुमी अशा मधातच कायले घुसून राह्यल्या?"

सगळे हसले. मग त्यानेच खांद्यावरचा दुपट्टा काढून माझा हात गळ्यात बांधला, फार हळू, बैलाच्या पायातला काटा काढावा तसा.

गाडी पुढे जाऊन थांबली होती. नवी खाली उतरून माझ्याकडे येत होती. बाकीच्या दोघींनी तोंडावर हात नेले होते. हिचे दोन्ही हात पोटावर होते. ती माझ्याकडेच पाहत होती, पण हात तिथे होते. मला त्या क्षणी खांदा दुखायचा थांबला असं नाही. पण ते हात मी पाहिले. आणि मी पडले तो रस्ता पाहिला, त्यावरची खडी पाहिली.

गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं होतं. दीड महिना घरी. आठवड्याने ड्रायव्हर भेटायला आला तो वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून घेऊन. मेस्त्रीने दाराच्या पन्हाळीतून काढलेलं: बोटभर जाडीचं, वीतभर लांब, काळं, लोकरीच्या नमद्यासारखं घट्ट. त्याने ते माझ्या पलंगावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, याच्यात तेल कोनं टाकलं? कापसाच्या दिवसात मी ते जागा कोरडीच ठेवत असतो." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बाकीच्या बाया आता दुसरी गाडी पाहतो म्हणाल्या होत्या, एवढंच त्याने सांगितलं.

खोलीभर एरंडेलाचा वास होता. मी म्हटलं, मीच. आणि बंडीच्या आसाची गोष्ट सांगितली. त्याने ते काळं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं. मग म्हणाला की बंडीले दार नसते, मॅडम. चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या दोघींना चिठ्ठ्या लिहून खरं ते कळवलं. ती तीन ओळींची चिठ्ठी लिहायला मला अख्खी दुपार लागली.

नवीला चिठ्ठी पाठवली नाही. तिला तोंडाने सांगायचं ठरवलं. दीड महिन्याने पुन्हा रुजू व्हायला निघाले, व्हॅन आली. ड्रायव्हरने दाराला आतून घराच्या दाराला असते तशी लोखंडी कडी बसवून घेतली होती. नवी पुढे बसलेली होती; मला पाहताच उतरू लागली. आता तिला उतरायलाही वेळ लागत होता. मी म्हटलं, राहू दे. मग म्हटलं, ते दार माझ्यामुळे बिघडलं होतं.

"मले माहीत होतं, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या साडीले दसऱ्यापासून एरंडेलाचा वास होता."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगितलं त होतं."

मी मागे गेले. दाराशी चित्रकलेच्या बाई बसल्या होत्या. त्यांना सरकायला सांगितलं, दार लावलं, दोन्ही खटके मोजले, कडी घातली आणि नेरपर्यंत त्या कडीवर हात ठेवून बसले. महिनाभर रोज.

मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि पुढची सीट रिकामी झाली. गणिताच्या बाई डोळे न उघडता म्हणाल्या, आता तुम्ही बसा पुढे. कुणीतरी आग्रह करेल, मग नाही म्हणावं, मग पुन्हा आग्रह होईल, असं काहीतरी करायला हवं होतं. मी तेवढंही थांबले नाही. चढून बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो पट्टा कमरेला बांधला.