क्लोरपासून सुरू होणारी दोन नावं

माझी आत्या सव्वीस वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारात होती. तिथे तिला सगळे कपाटबाई म्हणायचे, कारण कुठल्या कपाटात काय आहे ते फक्त तिला ठाऊक असायचं. नावात थोडी थट्टा होती, थोडा वचक. तिला ते आवडायचं नाही, पण तिने कधी कुणाला टोकलंही नाही.

औषध रसायन हा तिचा जीव की प्राण विषय. परीक्षेत ती पहिली आली होती आणि पुढे प्रयोगशाळेत नवे रेणू घडवायचे, असं मनाशी पक्कं केलं होतं. पण पुढचं शिक्षण घरात एकालाच मिळणार होतं आणि तो एक म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझे वडील. भांडारातली नोकरी लागली तेव्हा आजोबा तिला म्हणाले, "औषधं ती औषधंच. घडवली काय नि वाटली काय."

निदान कपाटं तरी तिने आपल्या मनासारखी लावली.

मी शाळेत असताना एकदा तिच्याकडे गेले होते. तळघरातली लांबट खोली, खोक्यांचा नि स्पिरिटचा वास, भिंतीला टेकलेली बारा लोखंडी कपाटं. मी विचारलं, "एबीसीडीप्रमाणे का नाही लावत?"

"औषधाची ओळख तीन तऱ्हांनी होते," ती म्हणाली. "ते शरीरात जाऊन काय करतं, ते कशाचं बनलंय आणि लोक त्याला काय म्हणतात. पहिल्या दोन खऱ्या ओळखी. नाव म्हणजे नुसती हाक."

मग तिने दोन टोकांच्या कपाटांतून दोन बाटल्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड.

"दोन्हींत क्लोरीनचा एकेक अणू, म्हणून दोन्हींची सुरुवात सारखी. नातं तिथेच संपलं. या पहिल्यात एकमेकांना चिकटलेली तीन कडी आहेत. रंगांच्या रसायनातून निघालेलं घराणं. बिथरलेलं डोकं शांत करतं. ही दुसरी सल्फाच्या घराण्यातली. टायफॉइडवर सल्फाचं एक औषध देत होते, तर रोग्यांची साखरच उतरायला लागली. मग त्या रेणूचे तुकडे बदलत बदलत लोक मधुमेहाच्या गोळीपर्यंत पोचले." हे सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता की तसा मी पुन्हा क्वचितच पाहिला.

एक डोक्याच्या कपाटात, दुसरी साखरेच्या. मध्ये अख्खी खोली.

पुढे नवीन अधीक्षक आले. त्यांनी भांडारात संगणक बसवला आणि सगळी औषधं नावाच्या क्रमाने लावायचा हुकूम काढला. आत्या त्यांच्याकडे गेली.

"मॅडम, एबीसीडी सगळ्यांना येते," ते म्हणाले. "तुमची केमिस्ट्री किती जणांना येते? उद्या तुम्ही आजारी पडलात तर आम्ही गोळ्या शोधत बसायचं का?"

त्यांच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. तिने घरी येऊन पत्र लिहिलं. त्यात सारख्या वाटणाऱ्या नावांच्या सात जोड्या दिल्या आणि निदान एवढ्या तरी लांब ठेवू द्या म्हणून विनंती केली. पत्र अधीक्षकांच्या हातात दिलं. त्यांनी ते न वाचताच पेपरवेटखाली सरकवलं.

चार दिवसांत कपाटं नव्याने लागली. त्या दोन बाटल्या शेजारी आल्या. आत्याने गुपचूप मधुमेहाच्या गोळ्यांची बाटली उचलून पलीकडच्या टोकाला ठेवली. पाच महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तपासणी झाली, यादीतली बाटली जागेवर नाही म्हणून तिला मेमो मिळाला आणि तिने ती परत जागेवर ठेवली.

त्यानंतर तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस रजा. भांडारात रेकॉर्ड विभागातला कारकून बसवला होता. स्त्रियांच्या वॉर्डातून एका म्हाताऱ्या बाईसाठी क्लोरप्रोमाझिनची मागणी आली. त्याने शेजारची बाटली काढली, गोळ्या पुडीत बांधल्या आणि पुडीवर मागणीतलं नाव लिहिलं. नर्सने पुडीवरचं नाव वाचून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी बाई गाढ झोपल्या. औषध लागू पडलं, असं सगळ्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी साखर तपासली, तोवर वेळ निघून गेली होती.

चौकशी समितीसमोर आत्याने पत्राचा विषय काढला.

"आवक क्रमांक?" एकाने विचारलं.

क्रमांक नव्हता. हातात दिलेल्या पत्राला कुठला आवक क्रमांक? प्रतही तिने ठेवली नव्हती. अधीक्षक म्हणाले, "असं काही पत्र मला आठवत नाही."

माझे वडील तोवर प्राध्यापक झाले होते. ते तिला समजवायला आले. "ताई, वाद वाढवू नकोस. निष्काळजीपणा झाला असं लिहून दे. वेळेआधी निवृत्ती देतील, प्रकरण मिटेल. या शहरात माझंही नाव आहे." तिने लिहून दिलं.

गेलेल्या बाईंचा मुलगा एका दुपारी घरी आला. बसड्रायव्हर होता, गणवेशातच आला होता. भांडायला आला असेल असं मला वाटलं, पण तो हळू आवाजात बोलत होता.

"असं होऊ शकतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"बाटली मी लांब ठेवली होती. त्यांनी सांगितल्यावर परत ठेवली."

"कशाला ठेवलीत?"

एवढं विचारून तो उठला आणि निघून गेला.

वर्षभराने रुग्णालयात सारख्या नावांच्या बाटल्यांवर लाल पट्ट्या आल्या आणि त्या वेगळ्या कपाटांत गेल्या. या सुधारणेसाठी अधीक्षकांचा सत्कार झाला. वडील वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन आले. "बघ ताई, शेवटी तुझंच म्हणणं खरं ठरलं ना."

आत्याने कात्रण वाचून त्यांच्यासमोर ठेवलं. "तुझ्यापायी मी दोनदा गप्प बसले. पहिल्यांदा तू लहान होतास, त्याचा दोष तुला देत नाही."

वडिलांनी कात्रण खिशात घातलं. आत्या पुढे सहा वर्षं जगली. त्यांच्याशी बोलली ती कामापुरतंच.