रोवणीच्या दिवसांतलं आमचं वृक्षप्रेम

सरकारने वनमहोत्सव सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. जुलै लागला की लहानमोठ्या सगळ्या पुढाऱ्यांच्या हातात झारी दिसायची. आमच्या नागपूरच्या कॉलेजला वाटलं, आपण का मागे राहावं? नोटीस लागली : खेड्यातल्या शाळकरी मुलांना झाडांचं आणि जंगलाचं महत्त्व पटवून देण्यासाठी स्वयंसेवक हवेत. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आलेला नव्हता. आम्ही त्याला 'वृक्षप्रेम' म्हणत असू, आणि ते आमच्यात भरपूर आहे अशी आमची खात्री होती.

नावं दिली आम्ही तिघांनी. एक आमचा पुढारी. वक्तृत्वस्पर्धेत त्याला दोनदा पेला मिळाला होता आणि तिसरा मिळेपर्यंत त्याचा घसा स्वस्थ बसणार नव्हता. दुसऱ्याच्या मामाकडे कॅमेरा होता, म्हणून त्याची निवड झाली. तिसरा मी. मी इंटर सायन्सला होतो आणि वनस्पतिशास्त्रात मला बरे गुण होते, म्हणजे मोहाच्या झाडाचं लॅटिन नाव मी सांगू शकत होतो. मोहाचं झाड समोर आलं असतं तर ओळखलं असतं की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

गाव मूलच्या पलीकडे, दोन कोसांवर. छोट्या रुळाची गाडी आम्हाला मूलला सोडून डुलत पुढे गेली. तिथून बैलांची बंडी. बंडीत आम्ही, एक गुंडाळलेला तक्ता, आणि सरकारी रोपवाटिकेतून मिळालेली साठ रोपं : वीस गुलमोहराची आणि चाळीस सागवानाची. दोन्ही बाजूंना चिखल केलेल्या भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यांत ओणवलेल्या बायकांच्या रांगा. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात होती. आमचा पुढारी त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "किती रम्य!" बंडीवाल्याने मागे वळून त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बैलांची शेपटी पिरगाळली.

शाळेत पोहोचलो तर शाळेत मास्तर होते आणि एक शेळी होती. मुलं नव्हती.

"रोवणी चालू आहे जी," मास्तर म्हणाले. पन्नाशीचे, किडकिडीत, टोपी नीट बसवलेली. चार वर्ग, एक खोली आणि एक मास्तर अशी ती शाळा. "या दिवसांत पोट्टे नाई येत. मी पत्र टाकलं होतं कॉलेजले, की दिवाळीनंतर या म्हणून."

"दिवाळीनंतर वनमहोत्सव कसा होईल?" पुढाऱ्याने विचारलं. मास्तरांनी धोतर गुडघ्याच्या वर खोचलं, छत्री घेतली आणि बांध्याबांध्यांतून फिरून पोरं मागायला निघाले. आम्ही ओसरीत बसून चहाची वाट पाहिली. बायकांचे आवाज इथपर्यंत ऐकू येत होते. एक म्हणत होती, "अर्धा बिघा रोवाचा राह्यला, अन् हे झाडं लावाले बलावून राह्यले! आमी का करून राह्यलो मंग इथी?"

दीडेक तासात तीस-एक मुलं आली, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. पुढाऱ्याने तक्ता टांगला. तो एका इंग्रजी पुस्तकावरून रंगवून घेतला होता. त्यात मंदिराच्या कळसासारखं निमुळतं, हिरवंगार झाड होतं आणि त्याखाली एक हरीण.

"मुलांनो, हे कोणतं झाड?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. नऊएक वर्षांची असेल. केस घट्ट वेणीत बांधलेले, आणि वेणीवरही चिखल. "आमच्या जंगलात नाई हे. याचा पाला ढोरं खातेत का?"

"हा सूचिपर्णी वृक्ष आहे," पुढारी म्हणाला.

"अन् खाली मोह पडते का त्याच्या?"

"नाही."

"मंग काऊन लावतेत?" तिने खरोखरच कुतूहलाने विचारलं. पुढाऱ्याने तिला खाली बसायला सांगितलं.

मग त्याने आपल्या भाषणातला मुख्य प्रश्न टाकला : झाडं आपल्याला काय देतात? अपेक्षित उत्तर होतं पाऊस. ते यायला तयार होईना. मुलांनी मोह सांगितला, त्याचं फळ टोळ सांगितली, टेंभरं, चारं, डिंक, पत्रावळीची पानं, नांगराचं लाकूड, पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळंबी. एकाने मध सांगून पोळं काढताना कसं तोंड सुजलं तेही दाखवलं. मी गुपचूप वहीत उतरवून घेत होतो, कारण यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. पुढाऱ्याने हरणाकडे बोट दाखवून 'या मुक्या प्राण्याबद्दल काय वाटतं' असं विचारलं, तेव्हा मागच्या रांगेतून ते भाजून चांगलं की रस्सा चांगला यावर दोन मतं आली. पुढाऱ्याने डोळे मिटून घेतले.

शेवटी त्याने सांगूनच टाकलं : "झाडाचं घर म्हणजे जंगल. कुऱ्हाड म्हणजे पाप. आजपासून एक काडीही तोडायची नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तसे मास्तर त्यांतल्या चार मोठ्या मुलांना म्हणाले, "जा रे, पाव्हण्यांच्या आंघोळीसाठी काड्या आना. अन् सयपाकाले बी लागतीन." मुलं कुऱ्हाड घेऊन गेली. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी कढत पाण्याने आंघोळ केली. मला त्यात काही विसंगत वाटल्याचं आठवत नाही. पाणी फार छान तापलं होतं, एवढं आठवतं.

रोपं त्याच दुपारी लावली. शाळेभोवती जागा होती ती गुलमोहराला गेली. सागवानाला रांग हवी होती, फोटोत चांगली दिसते म्हणून. शाळेला लागून एका म्हाताऱ्याची बांधी होती. तिचा धुरा, म्हणजे बांध, अगदी पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. पुढारी म्हणाला, इथेच.

म्हातारा बांधीतून वर आला. हात धुऊन, ते जोडून उभा राहिला. तो त्या वेणीवाल्या मुलीचा आबाजी होता, म्हणजे आजोबा.

"भाऊ, आंबा लावा, चिच लावा. सागवान नोका लावू धुऱ्यावर."

"आबाजी, सागवान म्हणजे सोनं!" पुढारी हसून म्हणाला.

"सोनं हाये म्हनूनच म्हंतो जी. उद्या झाड मोठं झालं त सरकार म्हनन, झाड आमचं. मंग झाडाखालची जमीन कोनाची? नाकेदार रोज येऊन मोजन. फांदी मोडली त मले धरन. ढोरानं खाल्लं त ढोराले धरन."

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. पुढाऱ्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अज्ञानाबद्दल एक छोटं भाषण केलं. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. म्हाताऱ्याचं म्हणणं मला कळलं होतं, पूर्ण नाही तरी पुरेसं कळलं होतं. मी कुदळ उचलली आणि खड्डा खणला. चाळीस खड्ड्यांतले पंधरा माझे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला बाहेर आलो तर धुरा मोकळा. चाळीसच्या चाळीस रोपं गायब. खड्डे बुजवून, वर चिखल लिंपून धुरा पूर्वीसारखा गुळगुळीत केलेला. गुलमोहर तसेच उभे होते. त्यांना कोणी हातसुद्धा लावला नव्हता, हा मला वेगळा अपमान वाटला.

पुढाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पेला दुसऱ्याला गेल्यावर असाच व्हायचा. त्याने मुलांना रांगेत उभं करून विचारलं. वेणीवाली नखांतला चिखल काढत होती. तेवढ्यात सायकल ढकलत नाकेदारच आला. समारोपाला सरकारी माणूस हवा म्हणून आम्हीच त्याला निरोप धाडला होता. पुढारी त्याच्यापुढे धावला आणि म्हणाला, "सरकारी रोपांची चोरी झाली आहे!"

एवढी आनंदाची बातमी नाकेदाराला बऱ्याच दिवसांत मिळाली नसावी. त्याने सायकल भिंतीला टेकवली, खाकी टोपी सारखी केली आणि म्हाताऱ्याला बांधीतून बोलावून शाळेच्या पायरीवर बसवलं.

"सरकारी माल कुठी ठेवला?"

"मी नाई नेला जी."

"धुरा तुया, नेला कोनं? भुतानं? पंचनामा करा लागते आता."

म्हातारा पायरीवर बसून राहिला. बांधीत त्याची सून आणि दोन मजूर बाया काम थांबवून उभ्या होत्या. उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे भातरोपांच्या, पेंढ्या पाण्यात तशाच पडल्या होत्या. मला वाटलं पुढारी आता म्हणेल, जाऊ द्या. मग वाटलं मीच म्हणावं. कॅमेरावाल्याने विचारलं, "याचा फोटो घ्यायचा का?"

तेव्हा ती मुलगी रांगेतून पुढे आली. "आबाजीनं नाई नेले. आमी नेले. चाला, दाखवतो."

ती पुढे, मागे दहाबारा मुलं, मग नाकेदार, मग आम्ही. नाला ओलांडला, पायातल्या वहाणा हातात घेतल्या, बांबूच्या बेटांतून अर्धा तास चाललो. पुढे सरकारी जंगलात एक मोकळा पट्टा होता. मागल्या वर्षी ठेकेदाराने तोडून नेलेला, नुसती खोडं उरलेली. तिथे आमचे चाळीस सागवान उभे होते. सरळ रांगेत नव्हते, जिथे माती चांगली आणि पाणी साचत नाही तिथे तिथे होते. प्रत्येकाच्या बुडाशी मातीचं आळं आणि भोवती काट्यांचं कुंपण. मोठी पानं अर्धी अर्धी खुडलेली.

"पानं तोडली बघा!" पुढारी ओरडला.

"नाई तोडली त सुकन," ती म्हणाली. "जागा बदलली का पानी पुरत नाई त्याले. तुमी नाई तोडली म्हनून माना टाकल्या होत्या त्याइनं."

हे माझ्या पुस्तकात होतं. पानांतून बाष्प बाहेर पडतं, म्हणून लावणीच्या वेळी पानं कमी करावीत. परीक्षेत मी ते आकृतीसह लिहिलं होतं आणि पूर्ण गुण घेतले होते.

"पण इथे का आणलीत?" मी विचारलं.

"तुमीच त सांगतलं ना काल, झाडाचं घर जंगल म्हनून. पाहाटी उठून घरी नेऊन सोडले. इथी आबाजीले तरास नाई, अन् झाडालेबी नाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यावर रागावता तरी आलं असतं.

आता चोरी उरली नव्हती. सरकारी रोपं सरकारी जंगलात होती. नाकेदार थोडा वेळ खोडांकडे पाहत विचार करत राहिला आणि त्याला सापडलं. "राखीव जंगलात बिनापरवानगी घुसले. काटे तोडले. गुन्हा होते हा." पुढचं तो मुलांशी नाही, परत आल्यावर म्हाताऱ्याशी बोलला. दोघं शाळेच्या मागे गेले आणि लवकरच परत आले. पंचनामा झाला नाही.

समारोपाचं जेवण मास्तरांच्या घरी झालं. भात आणि कोंबडीचा रस्सा. झणझणीत. मी दोनदा घेतला. तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना विचारलं, "मास्तर, कोंबडी फार चवदार आहे. घरची का?"

"आबाजीकडची," मास्तर वाढता वाढता म्हणाले.

"वा! म्हणजे राग नाही त्यांचा," पुढारी म्हणाला.

"नाकेदारानं दोन मागतल्या होत्या," मास्तर म्हणाले. "एक सायकलले बांधून नेली. एक म्हने पाव्हण्यांले घाला."

वाढलेलं मी संपवलं. उष्टं टाकणं वाईट दिसलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे रस्सा चांगला होता.

निघताना म्हातारा बांधीतच होता. बुडालेली अर्धी सकाळ भरून काढायची होती, म्हणून तोही बायकांच्या रांगेत वाकला होता. मी धुऱ्यावर जाऊन म्हटलं, "आबाजी, चुकलं आमचं." त्याने मान वर केली, मला ओळखायला त्याला क्षणभर लागलं. "हव जी," तो म्हणाला. "जरा तिकून चाला, तो धुरा ओला हाये. खचन." मी तिकडून चाललो.

मूलच्या स्टेशनवर गाडीला उशीर होता. पुढाऱ्याने ट्रंकेवर कागद ठेवून अहवाल लिहायला घेतला. आमच्या प्रेरणेने बालकांनी स्वतः श्रमदान करून उजाड वनात चाळीस सागवृक्षांचं रोपण केलं, असं त्याने लिहिलं. वाक्य चांगलं होतं आणि त्यातला एकही शब्द कोर्टात खोटा ठरला नसता.

"म्हाताऱ्याचं लिही," मी म्हणालो. "कोंबड्यांचंही लिही."

"अहवालात कोंबड्या?" तो म्हणाला. "आणि तू काल तिथे काय बोललास रे? खड्डे तर तूही खणलेस."

गाडी आली, आम्ही चढलो. नागभीडला त्याने भजी घेतली, मला दिली, मी खाल्ली. अहवाल कॉलेजच्या वार्षिकात पहिल्या पानावर छापून आला. सोबत गुलमोहराला पाणी घालणाऱ्या आमच्या तिघांचा, मास्तरांकडून काढवून घेतलेला फोटो होता, मुलं चौकटीत मावली नव्हती. खाली तिघांच्या सह्या होत्या. माझी मधली, आणि ठळक.