रिक्षावर चालला फ्रीज

धाकटीने बॅटरीवरची रिक्षा घेतली, तेव्हापासून घरात तिचं नाव 'बॅटरीबाई' पडलं. वीज गेली तर घरातल्या वस्तू रिक्षावर चालवायच्या म्हणून तिने इन्व्हर्टरही आणला, तेव्हा थोरल्या जावेने कपाळाला हात लावला. "घोडं घेतलंस ते घेतलंस, आता त्याला जात्याला जुंपणार होय?"

थोरली घरी केक करून विकायची. एका दुपारी डॉक्टरीणबाईंच्या लेकीच्या लग्नाचा केक भाजून तयार होता, फक्त क्रीम फेटायचं बाकी, आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाडकन उडाला. आता संध्याकाळीच वीज येईल, असं लाइनमन सांगून गेला. उकाडा मी म्हणत होता. क्रीम पातळ झालं की सगळंच मुसळ केरात.

धाकटीने अर्धं जेवण सोडून रिक्षा स्वयंपाकघराच्या खिडकीला भिडवली, वायर आत घेतली आणि उत्साहाच्या भरात फ्रीज, पंखा, क्रीम फेटायचं मशीन सगळं एकदम लावलं. इन्व्हर्टर पींऽऽ करून गप्प.

"झालं समाधान?" थोरली रडवेली झाली.

"थांबा ताई. फ्रीज सुरू होताना मोठा घास घेतो. आधी त्याला एकट्याला जेवू द्या."

सगळं काढून तिने नुसता फ्रीज लावला. दोघींनी श्वास रोखला. फ्रीज थरथरला, गुरगुरला आणि लागला की चालायला. जरा दम खाऊन मशीन लावलं. भांड्यात क्रीम फुलू लागलं तशी थोरली चक्क गुणगुणायला लागली.

केक सजला, फ्रीजमध्ये गारठला. मग धाकटीचं लक्ष रिक्षाच्या बॅटरीच्या काट्याकडे गेलं; तो बराच खाली आला होता.

"ताई, हा केक न्यायचा कशातून?"

थोरलीने जीभ चावली. धाकटीने खस्सकन वायर उपटली. केक मांडीवर घेऊन थोरली बसली आणि रिक्षा निघाली. मंगल कार्यालयाच्या चढावर मात्र काटा तळाला टेकला, रिक्षा गोगलगाय झाली.

"ताई, उतरता का?"

थोरलीने खोका सीटवर अलगद ठेवला, एप्रन खोचला आणि मागून रेटा दिला. धापा टाकत, हसत, भररस्त्यात ती ढकलत होती. चढ संपला.

केक जागच्या जागी होता, क्रीमही गार. रिक्षा कार्यालयाच्या प्लगला लावून दोघी जेवायला बसल्या. शेजारी येऊन बसेल त्याला थोरली सांगत होती, "बाहेर उभी आहे ना, ती आमच्या धाकटीची."